धुपाने लागलेला लाल दिवा

मंगळवार, दिवेलागणीनंतर

लेकीने धुळ्याहून हवा साफ करायचं यंत्र आणून दिलंय, त्याला आज चार दिवस झाले; आतल्या खोलीत होतं, आज देवीपाशी आणून ठेवलं. आत विजेच्या पट्ट्या आहेत. केसांत घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो तशा त्या हवेतली धूळ ओढतात, एवढं शाळेतलं आठवतं. हवा खराब असली की दिवा लाल, नाहीतर हिरवा.

हे सरकी काढायच्या कारखान्यातून, जिनिंगमधून आले, अंगभर कापसाचे तंतू, तरी दिवा हिरवाच. म्हटलं, बिघडलं वाटतं. मग देवीपुढे निखाऱ्यावर गुग्गुळ टाकला, तर लाल. खिडकी उघडली, थांबले, हिरवा झाला. पुन्हा चिमूटभर टाकला. पुन्हा लाल.

हे खोकत खोकतच म्हणाले, "तुनी देवी बी जिनिंगमा कामले शे का?"

मला हसू आलं नाही. हा धूप यांच्या दम्यासाठीच तर नवसाने बोललेला. चार वर्षांत एक संध्याकाळ चुकवली नाही. तेही खिडकी लावून, धूर वाया जाऊ नये म्हणून.

पट्टी काढून पुसली. फडक्यावर कापूस नव्हता, काजळी होती. मग मी इतके दिवस जिनिंगला बोल लावला तो?

यंत्राला देवाधर्माचं काय कळतं. पण ते खोटं तरी कशाला बोलेल?

उद्यापासून धूप अंगणात नेईन. देवीला तिथून पोचेल ना? यांचा खोकला थांबावा एवढंच मागणं आहे. आणि खरंच थांबला, तर यांना काय सांगू?