सातव्या पिढीचा कॉम्प्युटर

मुदखेडकर किशनराव व्याहीबुवांना पिराजीचा जळकोटाहून हात जोडून रामराम. विहीणबाईंचे गुडघे आता कसे आहेत? तुमची साखर आटोक्यात आहे ना? (नसली तरी पेढे तुम्ही सोडणार नाही, हे आम्ही जाणून आहोत.) इकडे सगळे खुशाल. आजारी म्हणाल तर एकच, आणि तो तुमच्याकडूनच आलेला.

तुमच्या उज्वलानं सासरी येऊन इथं ऑनलाइन फॉर्मांचं दुकान टाकलं तेव्हा तुम्ही घरचा कॉम्प्युटर हळदकुंकू लावून दिलात आणि चार माणसांत म्हणालात, ‘नातवंडांपर्यंत चालंल!’ व्याहीबुवा, नातवंड अजून यायचंय, कॉम्प्युटर आधीच थकला. जुन्या विंडोजची देखभाल बंद झाली, आता नवी टाका असा वरून हुकूम. पण नवी टाकण्याआधी यंत्राला ती झेपेल का, हे तपासावं लागतं, आणि ते यंत्र स्वतःच तपासतं. (चोरानंच पंचनामा लिहावा तसं.) आमचा वैजनाथ, म्हणजे तुमचे जावईबापू, म्हणाला, ‘अण्णा, एक बटण दाबलं की कळतं.’ दाबलं. पडद्यावर उत्तर हजर, हा कॉम्प्युटर चालणार नाही. काय हा उद्धटपणा! आपल्यात पोरगी नापसंत असली तरी ‘घरी विचारून कळवतो’ म्हणायची रीत आहे.

मी खोलात शिरलो. मेमरी पास, जागा पास. नापास कशात, तर आतल्या प्रोसेसरच्या पिढीत. त्यांना निदान आठवी पाहिजे, तुमचा निघाला सातवीचा. सोयरीक करताना आम्ही तुमच्या घराण्याच्या तीनच पिढ्या विचारल्या होत्या. त्या बऱ्या निघाल्या म्हणून पुढं खोदलं नाही. चूक आमचीच.

तरी मला वाटलं, धूळ बसली असेल. पंक्चरवाल्या धोंडप्पाकडं नेला. त्यानं ट्रॅक्टरच्या चाकात भरायची हवा आत सोडली. आधी ढगासारखी मुदखेडची माती निघाली, मागून एक वाळलेली पाल. धोंडप्पा म्हणतो, ‘काका, ही बी सातव्या पिढीचीच दिसून राहिली.’ घरी आणून पुन्हा तपासला, उत्तर तेच. आमच्या मंडळींनी, नागाबाईनं, मीठमोहरी ओवाळून टाकली. उत्तर तेच. मग वैजनाथ म्हणाला, तपासणीला चकवा देऊन नवी विंडोज बसवायची एक युक्ती हाय. (बैलबाजारात म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासून, तेल चोपडून खपवतात, त्यातलीच.) पण उज्वला ठाम. ‘न्हाई मामा, लोकांची आधारकार्डं, पासबुकं ह्याच्यात असत्यात. उद्या काही झालं तर गावाला काय तोंड दाखवू?’

पोर शहाणी. मग मी म्हणालो, बाई, नवा घे. तर तिथं शहाणपण संपलं! ‘बाबांनी दिलेला हाय, चालंल,’ एवढंच. तो चालू होईपर्यंत नागाबाईचा चहा उकळतो, गिऱ्हाईक तो पितं, पाऊसपाण्याचं बोलतं आणि उठून गावातल्या दुसऱ्या दुकानात फॉर्म भरायला जातं. लई गिऱ्हाईक तुटलं. आमची चहापत्तीची उलाढाल मात्र वाढली.

असो. तुमचा कॉम्प्युटर तसा तुमच्यासारखाच आहे. घराणं मोठं, आवाज मोठा, उठायला तेवढा उशीर. विहीणबाईंना नमस्कार.

तुमचा,
पिराजी

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. रविवारी उज्वलाला फोन करा आणि तुमच्या तोंडानं सांगा, ‘बाई, तो म्हातारा झाला, नवा घे.’ नव्याची तजवीज वैजनाथनं केली आहे, तुमचा छदामही नको. आम्ही जोर केला तर सासरच्यांनी माहेरची वस्तू उकिरड्यावर टाकली असं होतं. आणि ती मनानं टाकायची नाही, दुकान बुडालं तरी. रोज सकाळी पदरानं पुसते हो त्याला. तुमच्यावर जीव आहे तिचा, तो यंत्रावर काढते.

आणखी ता. क. हे पत्र वाचून फाडा. परवा तिनं मला सरळ विचारलं, ‘मामा, खरं सांगा, बाबांचा कॉम्प्युटर वाईट हाय का?’ मी खंडोबाची शपथ घेऊन सांगितलं, असा कॉम्प्युटर अख्ख्या तालुक्यात नाही. तेव्हा तुम्ही फोनवर त्याला म्हातारा म्हणालात की मी तिच्या बाजूनं तुमच्याशी कडाडून भांडणार आहे. वाईट वाटून घेऊ नका. फक्त माघार घेऊ नका.