पान बेचाळीसवरचा बगळा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, डोके ठिकाणावर असताना आणि कुणी भरीस घातलेले नसताना हे लिहून ठेवत आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी खोटे लिहिले होते.

एक. पुस्तके दाबायचे लोखंडी यंत्र आणि घडी बसवायची हाडाची पट्टी आमच्या कागदघडी मंडळाला द्यावी. मंडळ दर रविवारी ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत जमते आणि दर गुरुवारी रुग्णालयात जाऊन रुग्णांना कागदाच्या घड्या घालून पक्षी-प्राणी करायला शिकवते. यंत्र कार्यवाहांच्या ताब्यात मात्र देऊ नये. त्यांना आम्ही मोजपट्टी म्हणतो. माणूस सरळ आहे, पण हाती आलेली वस्तू कुलपात घालतो.

दोन. माझे चांगले कागद वृद्धाश्रमातल्या बायकांना द्यावेत. जपता जपता निम्मे पिवळे पडले, तो दोष माझा.

तीन. मंडळाने काढलेल्या घड्यांच्या पुस्तकात पान बेचाळीसवर कागदाचा बगळा कसा करायचा ते दिले आहे. खाली माझे नाव आहे. जुन्या मृत्युपत्रातही 'माझा बगळा' असेच शब्द होते. तो माझा नाही, माझ्या धाकट्या बहिणीचा आहे. चार महिने खपून तिने तो बसवला आणि पुस्तक मी बांधणार म्हणून आकृत्या विश्वासाने माझ्याकडे दिल्या. पुस्तक आले त्या रविवारी भरल्या सभेत तिने विचारले, "दादा, हा बगळा कुणाचा?"

मी म्हणालो, "मंडळाचा."

ती उठली. चपला घालून जिना उतरली, ती ना मंडळात परत आली ना माझ्या घरी. अकरा वर्षे मी हेच धरून बसलो की आधी तिने यावे.

गेल्या वर्षी एका गुरुवारी रुग्णालयात दारावरच्या यादीत तिचे नाव दिसले. मंडळींना आत पाठवून मी जिन्यातच बसलो. तासाभराने मोजपट्टी आले. बहिणीने पडल्यापडल्या शेजारच्या दोघींना बगळा शिकवला म्हणाले. मग हळूच म्हणाले, "दादा आलाय का, असं विचारत होती. मी नाही म्हणालो. तुम्हीच तसं सांगायला लावलंत."

सोमवारी ती गेली.

चार. पुस्तकाच्या उरलेल्या सर्व प्रतींवर माझे नाव खोडून तिचे लिहावे. वर कागद चिकटवू नये. खोडलेले दिसले पाहिजे.

पाच. राहते घर भाचीला, म्हणजे बहिणीच्या मुलीला द्यावे. जिन्यातली गोष्ट मी तिला फोनवर सांगितली. ती म्हणाली, "मामा, आई शेवटपर्यंत म्हणायची, दादाला कुणी कळवलंच नसेल. घर नको मला." तरीही तिला एकदा रीतसर विचारावे. नाहीच म्हणाली तर घर मंडळाकडे जावे आणि दारावर तिच्या आईचे नाव लावावे.

सहा. माझी शोकसभा घेऊ नये. मी जाईन तो दिवस गुरुवार असेल तर नेहमीसारखे रुग्णालयात जावे. त्यानंतर येणाऱ्या रविवारी भाचीला बोलवावे आणि ती येवो न येवो, कलम तीन सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. वाचणाऱ्याने माझी बाजू मांडू नये.

ही सही मी दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत केली, त्यांनी माझ्या.

सही: पुस्तकबांधणीवाला
साक्षीदार: १. ग्रंथपाल २. खालच्या दुकानातल्या शिंपीणबाई
ठिकाण: ग्रंथालयाची वरची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी, रविवार