एका नाण्याचं आमंत्रण

कुयो बेट,
१४ मार्च २०१६

ती. मनांग एर्लिंदा हिला,
धाकट्या बहिणीचा, लेतीचा सा. न. वि. वि.

नऊ वर्षांनी तुला पत्र लिहिते आहे, तेव्हा हात अडखळला तर सांभाळून घे. तुझा निरोप शनिवारी दुपारी माझ्या फेसबुकवर आला. देलफिनच्या लेकीची, आमिहानची, मी निनांग व्हावं, २४ एप्रिलला बाप्तिस्म्याच्या वेळी तिची धर्ममाता म्हणून मेणबत्ती धरून उभं राहावं, असं त्यात होतं. मी तिथल्या तिथे हो कळवलं. तरी हे पत्र वेगळं टाकते आहे. आमच्या नगरपालिकेच्या आवारातलं फुकटचं इंटरनेट अख्खं गाव एकदम ओढतं, त्यामुळे निरोप पोचला की मधेच राहिला ते कळत नाही. कागद मात्र बोटीने येतोच.

बाळासाठी कुणी असं विचारलं तर नाही म्हणू नये, म्हटलं तर ते बाळाला बाधतं, हे आपल्या नानायने आपल्या दोघी लेकींना एकाच चटईवर बसवून शिकवलं. आणि एकदा दिलेलं हो परत घेता येत नाही, हेही. तेव्हा माझं हो पक्कं समज.

इकडे ठीक. आमच्या प्रसूतिगृहात गेल्या महिन्यात अकरा बाळं आली, पैकी एकाचंही नाव मला धड उच्चारता येत नाही. गुडघा कुरकुरतो. काजूचा हंगाम आहे, येताना घेऊन येईन. तू अजून मासळीवालीशी भांडतेस का?

कळावे. लोभ होता, तेवढा तरी असावा.

लेती


सिबालोम,
२२ मार्च २०१६

चि. देलफिन यास आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तू फोनवर इतका ओरडलास की मला एक वाक्य पुरं करता आलं नाही. म्हणून आता लिहिते. लिहिलेल्यावर ओरडून काही उपयोग नसतो.

झालं ते असं. बाजारामागच्या दुकानात तो नाणं टाकून चालणारा संगणक आहे ना, तिथे मी आमिहानचे फोटो बघत बसले होते. नाण्याची मिनिटं संपली आणि पडदा काळा झाला. काळा झाला म्हणजे बंद झाला, असं मी समजले. तूच सांग, शटर पडल्यावर दुकानात कोण शिरतं? मी छत्री उचलली आणि मासे घ्यायला गेले. माझ्यानंतरच्या कुणा टवाळाने नाणं टाकलं, पडदा उजळला, आणि माझं खातं होतं तसंच उघडं. त्याने माझ्या दोनशे बारा ओळखीच्यांना एकच निरोप धाडला की आमच्या नातीसाठी बाई असाल तर निनांग, पुरुष असाल तर निनोंग व्हा.

संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस जणांनी हो म्हटलं. बिचारे नाही तरी कसं म्हणणार? ज्याने माझी चांगली दाढ उपटली तो दातांचा डॉक्टर हो म्हणाला. माझा वर्गमित्र नेस्तोर दोन वर्षांपूर्वी वारला, तर त्याच्या बायकोने त्याच्याच खात्यावरून कळवलं की तो असता तर आनंदाने उभा राहिला असता, आता ती राहील. पाद्रीबाबांनाही निरोप गेला. तेही हो म्हणाले, आणि मग मला बोलावून विचारलं की मी बाळाच्या डोक्यावर पाणी घालू की बाजूला मेणबत्ती धरू.

निरोप खोटा होता असं सगळ्यांना कळव, असं तू म्हणतोस. बेचाळीस जणांना कळवते. त्रेचाळिसावी तुझी तिया लेती आहे. तिचं पत्र सोबत जोडलं आहे. मी ते चार वेळा वाचलं. तिला वाटतंय की मी बोलावलं. खरं सांगितलं तर आपल्या सख्ख्या बहिणीला मी दुसऱ्यांदा दारातून परत पाठवल्यासारखं होईल. नाही सांगितलं तर ती खोट्यावर विसंबून समुद्र ओलांडेल. चौतीस वर्षं चौथीच्या पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं, आणि आता माझाच पाय अडकला. मला ती हवी आहे रे. काय करू?

सूनबाईला आशीर्वाद, आमिहानला पापा.

तुझी आई


इलोइलो,
२९ मार्च २०१६

ती. मा हिला शि. सा. न.

लिहून ओरडता येतं. हे बघ.

पडदा काळा होतो म्हणजे फक्त पडदा काळा होतो. आतलं सगळं चालूच असतं. सार्वजनिक संगणकावरून उठण्याआधी आपल्या खात्यातून बाहेर पडायचं, आणि बाहेर पडलो का ते पुन्हा बघायचं. पासवर्ड लक्षात ठेवू का असं ते यंत्र विचारेल, त्याला नाही म्हण. तू आल्यागेल्या सगळ्यांना हो म्हणतेस, पण ते यंत्र आपलं नात्यातलं नाही. पासवर्डात माझं नाव आणि जन्मसाल नको. ते तू दरवर्षी केकवर लिहून गल्लीभर वाटतेस. चर्चच्या अंगणातल्या मोफत इंटरनेटवर पेन्शनचं खातं उघडू नकोस. त्याच जोडणीवर तिथे आणखी कोण बसलंय हे पाद्रीबाबांनाही ठाऊक नसतं. पेन्शन माझ्या घरी येऊन बघ, त्या निमित्ताने नातही दिसेल.

मी इथून तुझा पासवर्ड बदलला आणि जिथे जिथे तुझं खातं उघडं होतं तिथून ते बंद केलं. चार ठिकाणी होतं, मा. एक ठिकाण तर पंचायतीचं कार्यालय. नवा पासवर्ड सोबतच्या चिठ्ठीत आहे. पाठ कर आणि चिठ्ठी जाळ. हातपंख्यावर लिहू नकोस. मागचा पंख्यावर लिहिलास आणि उकडतंय म्हणून तो पंखा भर मिस्सेत तीन बाकांवर फिरला.

माझ्या साहेबांनीही हो म्हटलं होतं, त्यांना मी सगळं समजावलं. त्यांनी समारंभासाठी बारोंग सदरा शिवायला टाकला होता, ते जरा रुसलेत.

आता तिया लेतीचं. तिला खरं सांग. नऊ वर्षांपूर्वी काय झालं ते तू मला कधी सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. पण तिथे कुणी टवाळ नव्हता एवढं मला कळतं.

रागावू नकोस. लोभ आहे म्हणूनच इतकं लिहिलं.

देलफिन


सिबालोम,
५ एप्रिल २०१६

चि. इंदाय लेतीस अ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मासळीवालीशी मी अजून भांडते. ती मेली, आता तिच्या सुनेशी भांडते.

इंदाय, तो निरोप मी पाठवला नव्हता. दुकानात माझं खातं उघडं राहिलं आणि कुणीतरी खोडी केली. तुझ्यासारखा तो आणखी दोनशे अकरा जणांना गेला. हे सांगायला मला दोन आठवडे लागले, कारण तुझं हो मला सोडवत नव्हतं.

नानाय गेली तेव्हा वादळाने बोटी अडकल्या होत्या हे मला माहीत होतं. तू तिसऱ्या दिवशी चिंब होऊन दारात आलीस. आणि मी सगळ्यांसमोर पाहुण्यांच्या कपात कॉफी ओतून तुझ्या हातात दिली, वर म्हटलं, "पाहुण्यांना आधी द्या." तू ती प्यालीस, कप धुऊन ठेवलास आणि दफन झाल्यावर गेलीस. शेवटचे तीन महिने मी एकटी नानायला उचलत होते, तो राग तुझ्यावर काढला. चुकलं माझं. तू आधी लिहायला हवंस असं मी नऊ वर्षं स्वतःला सांगत बसले.

तुझं हो त्या खोट्या निरोपाला होतं, म्हणून ते मी मोडते. तू मोकळी आहेस. आता मी स्वतःच्या हाताने विचारते. आमिहानची निनांग होशील का? नाही म्हणालीस तर बाळाला काही बाधणार नाही, ते मी पाद्रीबाबांना विचारून घेतलं आहे.

मायेला मी पात्र नाही, तरी ती असावी.

तुझी मनांग


कुयो बेट,
१२ एप्रिल २०१६

ती. मनांगला सा. न. वि. वि.

तो निरोप तुझा नव्हता हे मला वाचताक्षणी कळलं होतं. त्यात 'प्लीज' होतं आणि पुढे तीन लाल बदाम. जेवताना मीठ मागायला तू मला कधी प्लीज म्हणाली नाहीस, नात द्यायला कशी म्हणशील? त्यात पाच मिनिटांनी तोच निरोप इथल्या सुईणीलाही आला. तिची तुझी ओळख म्हणजे तिने एकदा तुझ्या फोटोखाली अंगठा दाखवला होता, इतकीच.

तुझं खातं कुठेतरी उघडं पडलंय, हे मी ताबडतोब कळवायला हवं होतं. इथे कार्यालयातला एकच संगणक आम्ही सात जणी वापरतो. उठताना कुणी खातं बंद केलं नाही तर मीच तिला झापते. पण मी कळवलं असतं तर तू आभार मानले असतेस, खातं बंद केलं असतंस, आणि आपण दोघी पुन्हा गप्प बसलो असतो. म्हणून त्या चोराला आधी हो म्हटलं. मग रविवारी दिवसभर ते पत्र लिहिलं, पाच कागद फाडले, आणि सोमवारच्या बोटीला स्वतः धावत जाऊन दिलं. तू खरं सांगायच्या आत ते तुझ्या हातात पडायला हवं होतं.

तुला माझं हो मोडता येणार नाही, मनांग. ते मी आमिहानला दिलंय. तो चोर सापडला तर त्याला मारू नकोस. नऊ वर्षांत तू बोलावलं नाहीस आणि मी आपणहून आले नाही. दोघींतलं कुणीच करेना, ते त्याने एका नाण्यात केलं.

शुक्रवार, २२ तारखेला मी इलोइलोच्या धक्क्यावर उतरेन. देलफिनला पाठवू नकोस, तू ये.

लोभ आहे, मागत नाही.

तुझी इंदाय