मूळ देश : कोरीट

१२ मे २०२५, सकाळी ९
माल बंदरात पोचला. सुरतचा कस्टम एजंट चंदनभाई याने आत्ताच फोनवर पक्कं सांगितलं. तीन हजार जोड गमबूट, चीनहून थेट. आठ दिवसांत माल गावात. पंधरा दिवसांत जिल्ह्यात आपलं नाव.
फर्म संध्याच्या नावावर आहे. घरची लक्ष्मी, शकुन चांगला. शिवाय माझ्या नावाचा जीएसटी नंबर मिरची पावडरच्या धंद्यात बंद पडला. संध्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, तिला नियमाने धंदा करता येत नाही म्हणतात. म्हणून तिला सांगितलेलं नाही. सही मेडिक्लेमच्या कागदात घेतली. तिचं टेन्शन वाचलं.
संकल्प : रोज पाच किलोमीटर चालणे.

१४ मे
चाललो नाही. ऊन.

१५ मे, दुपार
चंदनभाईचा फोन. माल अडवला. लेबलवर मूळ देशाच्या जागी कोरीट छापलंय म्हणे. मला विचारतो, "शेठ, आ कोरीट कया देशमां आव्युं?"
त्याला समजावलं. तिथे देशाचं नाव लिहायचं असतं हे मला माहीत आहे. मुद्दाम गावाचं लिहिलं. आमच्याकडे माणूस आधी विचारतो, कोणत्या गावचा? मग सोयरीक करतो, मग वस्तू घेतो. चीन लिहिलं तर बूट कोण घेईल? एजंटला ग्राहक कळत नाही.
तिकडच्या फॅक्टरीच्या मॅडमला व्हॉट्सॲपवर कडक शब्दांत लिहिलं. तिचं उत्तर : तुम्ही लिहून दिलंत तेच छापलं. म्हणजे स्वतःचं डोकं वापरायचंच नाही! पहिला विश्वासघात.

१७ मे
गावातल्या धुडकू आप्पांना दोन जोड पक्के सांगून ठेवले होते. माल लांबला म्हणून पारावर भेटायला गेलो. लेबलचं त्यांना कुठून कळलं देव जाणे. चार माणसांत म्हणाले, "कोरीटमा चप्पल सांधाले बी कोणी नही, बूट कव्हापासून बनाले लागनात?"
सगळे हसले. मीही हसलो, धंद्यात मन मोठं लागतं. घरी आल्यावर त्यांचं नाव यादीतून काढलं. दुसरा विश्वासघात.

२१ मे
कस्टमवाल्यांनी आता आयएसआय मार्कचा मुद्दा काढलाय. चंदनभाई म्हणतो, हा मार्क परदेशी फॅक्टरीने स्वतः तपासणी करून घ्यायचा असतो, त्याचा परवाना नंबर असतो, तो दाखवा.
नंबर आहेच. संध्याचा भाऊ उमाकांत वीज कंपनीत लाइनमन आहे. त्याच्या सेफ्टी शूजवरचा नंबर मी दिवाळीत वहीत उतरवून घेतला होता. घरचा नंबर, चालू नंबर, कुणाला विचारायची गरज नाही. तोच ऑर्डर देताना बुटांवर छापून घेतला होता. चंदनभाईला सांगितलं. त्याने फोन ठेवला. लाइन खराब असावी.

२४ मे
उमाकांतला बोलावलं. म्हटलं, तुझे बूट जरा कस्टमच्या ऑफिसला दाखवू. तो म्हणाला, "दाजी, मन्हा बूट चामडाना, तुम्हना रबरना. अन् तो नंबर कानपूरना कारखानाना शे. तुम्ही मन्हा जोडा पायमाथीन काढीसन धंदा करतस का?"
इतका अपमान! आणि मुळात फसवलं कोणी? असला अडचणीचा नंबर पायात घालून तो वर्षभर माझ्या घरी जेवतो. तिसरा विश्वासघात.
संकल्प : यापुढे नातेवाइकांवर विसंबायचं नाही.

२ जून
पोस्टमनने रजिस्टर्ड पत्र संध्याच्या हातात दिलं. कस्टमची नोटीस. प्रोप्रायटर म्हणून तिचं नाव, खाली तिचाच मोबाइल नंबर. लेबलवर ग्राहक तक्रारीसाठी एक नंबर द्यावाच लागतो, तिथे तोच दिला होता. मी माझा का देणार? मला लोक उगाच फोन करतात.
ती दोनदा वाचून म्हणाली, "मन्ही नोकरी गयी ते?"
मी म्हटलं, असं काही होत नाही, मी आहे.
तिने नोटीस घडी करून पर्समध्ये ठेवली. पटलं असावं.

५ जून
संध्या शांतपणे जेवण वाढते, शांतपणे कागद वाचते. मेडिक्लेमची फाइलही मागितली. दिली. व्यवहारात रस घेते आहे. उशिरा का होईना, पार्टनर मिळाला.

११ जून
संध्या उमाकांतबरोबर नंदुरबारला शिक्षण विभागात गेली होती. मला वाटलं, बदलीचं काम. संध्याकाळी उमाकांतने सांगितलं की तिने स्वतःहून सगळं लिहून दिलं, त्यांना बाहेरून कळायच्या आत. सही कशी घेतली तेही. नवऱ्याला न विचारता!
आता मोजणं सोडलं.

१६ जून, दुपारी
आजपासून शाळा. संध्या उद्याची रजा टाकून आली. उद्या अकरा वाजता सुरतला सुनावणी. तिने जबाबाची एक प्रत माझ्यासमोर ठेवली. दीड पान, सुंदर अक्षर. पहिलंच वाक्य असं : या फर्मचे सर्व काम माझे पती करतात, मला त्याची कल्पना नव्हती. खाली ‘वरील मजकूर मान्य’ असं लिहून मी सही करायची जागा सोडली आहे. तिथे पेन्सिलने फुली मारून ठेवली, पोरांना वहीत मारून देते तशी.
म्हटलं, वाचून करतो. म्हणाली, "हां, वाचीसन करा. मी नही वाचेल व्हतं."
सही केली.

१६ जून, दुपारी
चंदनभाईचा फोन. माल एकतर परत जाईल नाहीतर नष्ट करतील, बाजारात येणार नाही. नंबर कुठून आणला हे विचारायला कस्टमच्या साहेबांना मी समोर हवा. संध्याच्या नोकरीचं पुढच्या आठवड्यात कळेल, पण स्वतः सांगितल्यामुळे ताकीद देऊन सोडतील असं उमाकांत म्हणतो.
रेल्वेची तिकिटं संध्याने काढली, उमाकांतही येतोय. जायची तीन, यायची दोन. विसरलीस का, विचारलं. नाही म्हणाली. "तुम्हले टाईम लागी."