शाखेकडून होकार

११ मार्च

ऑनलाइन सभेचं इतिवृत्त आलं. जूनअखेर विद्यापीठाची आमची शाखा बंद. शेवटची ओळ – 'शाखेकडून होकार मिळाला.' सभेला आमच्याकडून बापाक दार्सोनो बसले होते, शाखेचे प्रमुख. मी तंत्रज्ञ, फक्त आवाजाची यंत्रणा सांभाळत होते. मध्येच माईकची वायर निघाली, ती चाळीस सेकंदांत बसवली. माझ्या बाजूने चूक शून्य.

१२ मार्च

बापाकांना सरळ विचारलं, "तुम्ही इंगिह म्हणालात?"

ते म्हणाले, "इंगिह."

हेच ते! आमच्या जावानीजमध्ये 'इंगिह' म्हणजे 'हो', आणि 'ऐकतोय'सुद्धा. वरिष्ठांसमोर दुसरा शब्द तोंडातून निघतच नाही. सेमारांगच्या मुख्य शाखेतल्या साहेबांनी सोयीचा अर्थ उचलला.

१४ मार्च

माझ्या बदलीचं पत्र आलं – सेमारांगची प्रयोगशाळा. विद्यार्थी नऊच उरलेत, सगळे शेवटच्या वर्षाचे. त्यांनीही जुलैपासून तिकडेच जायचं. बसने चार तास.

त्यांतल्या लास्मीचं बाळ आठ महिन्यांचं आहे. मातीची चाळणी हलवत मला म्हणाली, "म्बाक वेनिंग, मी पदवी सोडते. एवढे नमुने पुरे करून जाते."

वर्गात सर्वांत अचूक आकडे तिचे असतात. मी वजनकाटा पुन्हा शून्यावर आणला.

१५ मार्च

कँटीनच्या इबू तुमिनी बापाकांना म्हणाल्या, "तिखट वाढते थोडं. बघू, तोंडातून एकदा तरी 'नाही' निघतं का." बापाक हसले. तिखटही खाल्लं. या माणसाला राग कसा येत नाही?

१८ मार्च

हरकतीची मुदत २२ तारखेपर्यंत. सभेचं ध्वनिमुद्रण मागवलं. ते 'इंगिह' नेमकं कशाला म्हटलं, हे सेकंदासकट दाखवीन.

बापाक म्हणाले, "राहू दे पोरी. कशाला मागवतेस?"

एवढं घाबरायचं?

१९ मार्च

मुद्रण अजून आलं नाही.

२१ मार्च

आलं. एकतिसावं मिनिट, बारावा सेकंद. साहेब विचारतात, "मग जूनअखेर बंद करायचं. स्पष्ट?"

मी तेव्हा टेबलाखालीच होते, वायर नुकतीच बसवली होती. मला शेवटचा शब्द तेवढा ऐकू आला. वाटलं, आवाजाचं विचारताहेत.

"इंगिह."

आवाज माझा आहे. तीनदा ऐकला.

बापाक शेजारीच बसले होते. तिथल्या तिथे दुरुस्त केलं असतं, तर माझी चूक सगळ्यांसमोर उघडी पडली असती. म्हणून दहा दिवस सगळ्यांचे टोमणे ऐकून घेतले.

२२ मार्च

हरकतीत लिहिलं – होकार तंत्रज्ञाने दिला, तिला तो अधिकार नव्हता. खाली माझं नाव.

बापाकांनी वाचलं. "नाही. तुझी बदली रद्द करतील, नोकरीच जाईल. हे पाठवायचं नाही." त्यांच्या तोंडून 'नाही' पहिल्यांदाच ऐकलं.

मी "इंगिह" म्हणाले, आणि पाठवलं.