सुमनची इटालियन आरती

प्रिय सुमन,

आत विहीणबाई झोपल्यात. हो, लुचीयाबाईच! थेट इटलीहून आपल्या मुलुंडच्या घरी आल्यात. जेवण अंगावर आलंय त्यांच्या. आणि जेवताना आज जे झालं, ते तुला नाही सांगणार तर कोणाला?

आठवतं, मंजिरीचं तिकडच्या मुलाशी लग्न ठरलं तेव्हा तू काय जाहीर केलंस? "विहिणीशी बोलायला मला लेकीची मध्यस्थी नको." आणि लागलीस की मोबाईलवरून इटालियन शिकायला! मी म्हटलं, झालं, आता वाट लागली.

ओट्याशी बांगडे साफ करता करता मलाही शिकवायचीस. 'पार्लारे' म्हणजे बोलणे. "हे बघा, मागची 'आरे' ही शेपटी कापायची. उरलं त्याला ज्याची त्याची शेपटी लावायची. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. संपलं!" मग सुरी ठेवून, तशाच माशांच्या हातांनी टाळ्या वाजवत, चक्क आरतीच्या चालीवर: पार्लो, पार्ली, पार्ला, पार्लियामो, पार्लाते, पार्लानो!

"अगं, मुलुंडला राहून पार्ल्याचा कसला जप?" म्हटलं की डाफरायचीस, "तुमी गप रवा! माका पाठ करूक होया."

दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विहीणबाईंना तू 'तुम्ही'चीच शेपटी लावायचीस. एकट्या माणसाला तिकडे तसं म्हणत नाहीत, म्हणून मंजिरी हसायची. "मग काय विहिणीला अगंतुगं करू?" तुमचा हा गोंधळ चालायचा आणि मी गॅलरीत पेपर घेऊन बसायचो.

पण तू तरी काय गं! एवढी मेहनत केलीस आणि त्या इथे यायच्या आधीच निघून गेलीस? हे काय वागणं झालं?

त्यांना घेऊन आलेली मंजिरी आज काही कामासाठी ठाण्याला गेली. घरात आम्ही दोघंच. मी बांगड्याचं तिखलं आणि भात वाढला. त्या माझ्याकडे बघतायत, मी ताटाकडे. तुझी विहीण तुझ्या घरी जेवायला बसलीय आणि तिच्याशी बोलायला कोणी नाही! मला इतकं कानकोंडं झालं म्हणून सांगू. शेवटी कसंबसं तोंडातून निघालं, "मांजाते, मांजाते!" जेवा, जेवा! तुझीच ती 'तुम्ही'ची शेपटी.

बाई थबकल्या. एकदम डोळे भरले त्यांचे. चमचा खाली ठेवला आणि टाळ्या वाजवायला लागल्या: मांजो, मांजी, मांजा, मांजामो...

तुझी चाल, सुमन! ठेका तुझा, शेवटी तान ओढायची तुझी खोडसुद्धा तशीच. मला वाटत होतं ती चाल तुझ्याबरोबरच गेली. आणि ती तर तिकडे त्यांच्या घरी सुखात नांदत होती गं! मग मीही भाताच्या हातांनी टाळ्या धरल्या. रडलो, हसलो आणि कितीतरी दिवसांनी पुन्हा भात वाढून घेऊन पोटभर जेवलो.

'आरे'वाली क्रियापदं तू संपवलीस. 'एरे' आणि 'इरे'वाली तुझी राहून गेली. ती मी पाठ करीन, तुझ्याच चालीवर. आणि परत गेल्यावर रविवारी विहीणबाईंचा फोन आला की मी गॅलरीत नसेन.

तुझेच,
अहो