रेडिओवर गेलेल्या धाकट्या जाऊबाईंस

प्रिय धाकटे,

सप्रेम आशीर्वाद. तुझा घसा आता बरा असेल. (मुलाखतीत दोनदा साफ केलास. मी मोजत नव्हते, ऐकू आलं.) भाऊजी, मुलं आणि तुझा बुटांच्या खोक्यांचा कारखाना खुशाल असावेत.

हे पत्र अभिनंदनाचं आहे, हे आधीच सांगते, कारण पुढे तसं वाटणार नाही. सव्वीस वर्षं मी स्त्रियांच्या प्रगतीवर व्याख्यानं देते आहे. या विषयावर छापलेलं जे हाती लागलं ते वाचलं, मूठ आपटून आपटून दोन टेबलं खिळखिळी केली, आणि रेडिओवाल्यांनी बोलावलं कुणाला? तर पुठ्ठा दुमडणाऱ्या तुला! धंद्यावर बोललीस, तो तुझा हक्क. पण शिरगणतीवरही? म्हणे मोजणीवाल्या बाई आल्या तेव्हा भाऊजींनी तुझ्या नावापुढे ‘घरकाम’ सांगितलं आणि तू आतून ओरडलीस, “अहो, चौदा बायका माझ्या हाताखाली आहेत, त्या काय घरच्या भांड्यांत मोजायच्या?” निवेदक खो खो हसला. हाच मुद्दा मी वाचनालयाच्या सभागृहात पाऊण तास मांडला होता. तिथे पंखा सोडून काही हललं नाही. आणि तुझ्या एका वाक्यावर खालचा शिंपी मशीन थांबवून जिन्यातून ओरडतो, “वहिनी, तुमच्या जाऊबाई काय बोलतात हो! घ्या जरा शिकून.”

मग श्रोत्यांचे फोन सुरू झाले, तेव्हा मीही फोन लावला. (मत्सराने नव्हे. वैचारिक शिस्तीसाठी.) नाव सांगितलं ‘एक गृहिणी’ आणि आवाज नाकातून काढला. पलीकडची मुलगी म्हणाली, “घरातला रेडिओ बंद करा, आवाज घुमतोय.” केला. त्याबरोबर आमचे हे (हा शब्द मी व्याख्यानात वापरत नाही) अनवाणीच शिंप्याकडे ऐकायला पळाले. मी पंचवीस मिनिटं फोन कानाला लावून तुला पेचात पकडणारा प्रश्न घासूनपुसून लखलखीत केला. शेवटी नंबर लागला. मी म्हटलं, “उपस्थित बंधू-भगिनींनो, स्त्रीच्या दास्याची मुळं शोधायची तर प्रथम इतिहासात—” आणि तू लगेच, “अगंबाई, मोठ्या जाऊबाई! सर्दी झाली का?”

फोन कट. रेडिओ पुन्हा लावेपर्यंत हवामान सुरू झालं होतं. हे डोळे पुसत वर आले. रडून नव्हे. “चांगलंच बोलली हो ती तुझ्याबद्दल,” म्हणाले. काय, ते विचारलं तर आंघोळीला गेले. दुपारी दोन वाजता!

असो. एकंदरीत छान बोललीस. तयारी कमी होती.

तुझी,
मोठी जाऊ

ता. क. शिंपी सांगतो, माझा फोन तुटल्यावर तू म्हणालीस, “चारचौघांत तोंड उघडायला मी त्यांच्याकडूनच शिकले.” हे खरं असेल तर ‘तयारी कमी होती’ हे खोडून वाच. खोटं असेल तर राहू दे.

आणखी ता. क. पुढच्या आठवड्यात तुझ्या कारखान्यातल्या एका कामगार बाईला बोलावणार, असं जाहीर झालं म्हणे. अजून कुणाचं नाव कळवलं नसशील तर कळवू नकोस. मी सोमवारी सकाळी कामावर रुजू होते. खोकं कसं दुमडायचं तेवढं दाखव. बोलायचं माझं मी बघेन.